वेलांटीकाकांनी तपासलेलं पान

मी एक जुनी अभिप्रायवही आहे. मित्रांनो, वाचनालयाच्या टेबलावर कडेला एक जाड वही पडलेली असते ना, 'वाचकांनी आपले मत लिहावे' असं लिहिलेली आणि कुणी ढुंकूनही न पाहिलेली? तीच मी. पण एके काळी माझ्यासाठी लोक रांग लावत, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. माझं एक पान खराब झालं आणि सगळंच बिघडलं. त्याच पानाबद्दल मला सांगायचं आहे.

दोनशे कोरी पानं दोऱ्याने शिवून आणि पाठीला निळं कापड चिकटवून मला बांधलं. ग्रंथपालबाईंनी पहिल्या पानावर लिहिलं, 'पुस्तक कसं वाटलं, ते मनमोकळेपणाने लिहा.' आणि लोक खरंच मन मोकळं करू लागले. पोस्टमनदादांनी एका लठ्ठ कादंबरीबद्दल लिहिलं, 'अर्धी वाचली, उरलेली उशाला घेतली. दोन्हीकडे समाधान.' दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एका रहस्यकथेला झाडलं, 'खुनी तिसऱ्याच पानावर कळला. माझ्या पेशंटलाही कळला, आणि त्याचं तर तोंड उघडं होतं.' मला हसू आवरत नसे.

पण मी खरी वाट बघायची ती इस्त्रीवाल्या ताईंची. कोपऱ्यावर त्यांचं दुकान होतं. लिहिण्याआधी त्या तळहाताने माझं पान दाबून सपाट करत, सवयच ती. मुलीच्या कार्डावर त्या फक्त कॉमिक्स नेत. एका उडणाऱ्या वीराबद्दल त्यांनी लिहिलं होतं, 'हीरो दीवसभर उडतो, मारामारी करतो आनि शर्टाला एक सूरकुती नाही. ह्याची इस्त्री कोन करतं?' त्या एका ओळीमुळे ते कॉमिक महिनाभर कपाटात टिकलं नाही. मोठी माणसंसुद्धा मागून नेत होती.

आता वेलांटीकाका. चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात छापील मजकुरातल्या चुका शोधल्या होत्या. निवृत्त झाले तरी लाल पेन खिशातून गेलं नाही. रोज सकाळी येऊन ते माझ्यातले सगळे अभिप्राय तपासत, कुठे वेलांटी फिरवत, कुठे उकार खोडत. "अर्थाकडे लक्ष गेलं की चूक निसटते," असं ते अभिमानाने सांगत. लोक हसून सोडून देत. त्यांच्या मनात पाप नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

एका संध्याकाळी ताई 'ढगातली शाळा' हे कॉमिक घेऊन आल्या. कितीतरी वेळ लिहीत बसल्या. त्यांनी लिहिलं :

'हे पूस्तक माझ्या मूलीने चार वेळा आनलं. ती मोठ्यानं वाचायची, मी इस्त्री करत ऐकायचे. शेवटचं पान राहायचं. म्हनायची, आई ऊद्या. ती जाऊन वर्ष झालं. अक्षरं मला तीनंच शीकवली, अंथरूनात पडून. काल शेवटचं पान मी माझं मी वाचलं. त्यात मूलगी घरी येते. पूस्तक चांगलं आहे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. लाल पेन भराभर फिरलं. तळाला त्यांनी शेरा मारला, 'ऱ्हस्वदीर्घ कच्चे. सराव हवा. विषय बरा.' मला तोंड असतं तर मी किंचाळले असते.

संध्याकाळी ताईंनी मला उघडलं. ओळीखाली बोट ठेवून त्यांनी तो शेरा वाचला. मग मुलीचं कार्ड टेबलावर ठेवलं.

"हे बंद करा, बाई."

"का हो ताई? काय झालं?"

"काही नाही. आम्हाला नीट लिहिता येत नाही."

त्या गेल्यावर ग्रंथपालबाईंनी ते पान वाचलं. मुलगी घरी आहे, असंच त्या इतके दिवस धरून चालल्या होत्या. दुसऱ्या दिवशी काका येताच त्यांनी मला त्यांच्यापुढे आदळलं.

"काका, हे वाचलंत तुम्ही?"

"वाचलं की. तपासलंसुद्धा."

"तपासलंत हो. वाचलंत का?"

काकांनी चष्मा पुसला आणि वाचलं. त्यांनी खिशातून ब्लेडचं पातं काढलं. छापखान्यात नको ती शाई खरवडून काढतात, तशी ते लाल शाई खरवडू लागले. मी पातळ होत गेले आणि टरकन फाटले. 'मूलगी घरी येते' एवढे शब्द गेले आणि तिथे भोक पडलं. मला फार दुखलं, पण काकांकडे बघवत नव्हतं.

माफी मागायला ते तीनदा दुकानापर्यंत गेले. एकदा तर शर्ट इस्त्रीला देऊन परत आले, बोलायचं राहूनच गेलं.

महिन्याने ताई स्वतःच आल्या.

"बाई, ते पान मला फाडून द्याल? घरी परत लिहायला बसले होते, पण हात पुढे जाईना. प्रत्येक शब्द चुकेल असं वाटतं."

ग्रंथपालबाईंनी मला उघडलं. ताईंनी त्या भोकात बोट घातलं. कोपऱ्यातून काका उठून आले.

"ताई, मी... मी परत लिहून देतो. जसंच्या तसं. पाठ आहे मला."

माझ्या कोऱ्या पानावर ते जिवाच्या आकांताने लिहू लागले. एकही शब्द सुटला नाही. पण चाळीस वर्षांचा तो हात! 'मूलगी' लिहायला गेला आणि 'मुलगी' लिहून बसला. तो शब्द खोडून त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. शेवटी ते तसंच पुढे लिहीत गेले.

ताईंनी सगळं सावकाश वाचलं.

"छान आहे, काका. पण हे दुसऱ्याच कुणा बाईने लिहिल्यासारखं वाटतं."

दोन्ही पानं माझ्यातच ठेवून त्या गेल्या. काका कितीतरी वेळ आपण लिहिलेल्या पानात चूक शोधत बसले होते. एकही सापडली नाही.

त्यानंतर ताई आल्या नाहीत. आपलंही कुणी तपासेल म्हणून बाकीच्यांनी लिहिणं सोडलं. काकांनी तर येणंच सोडलं. माझी निम्मी पानं कोरी आहेत आणि ती आता भरतील अशी मला आशा नाही.

मित्रांनो, मला धुळीतून उचला असं मी म्हणत नाही. एवढंच करा, कुणी भीत भीत काही लिहून तुमच्यापुढे ठेवलं, तर ते माणूस काय सांगतंय ते आधी ऐका. वेलांटी नंतर कधीही देता येते. त्या आईला तिचं वाक्य मात्र आम्ही कुणीच परत देऊ शकलो नाही.