लव्हिनियाबाईंची बडतर्फी

"लिहा," टॅकेट म्हणाला. "सदर बाई टपाल कचेरीत बसून उघड पक्षप्रचार करते."

शाळा सुटली होती. तो मुलांच्या बाकावर पाय पसरून बसला होता. मी टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

"बायकांना मत कुठे आहे?" मी म्हणालो.

"मत नसलं म्हणून काय झालं? तोंड आहे ना. लिहा."

ऑरिन टॅकेट म्हणजे आमच्या गावातला पक्षाचा माणूस. चोवीस वर्षं त्याचा पक्ष सत्तेबाहेर होता. त्या मार्चमध्ये त्यांचा राष्ट्राध्यक्ष आला आणि टॅकेटची चालच बदलली. राष्ट्राध्यक्ष बदलला की वॉशिंग्टनपासून इंडियानातल्या आमच्या खेड्याच्या टपालखिडकीपर्यंत माणसं बदलायची, ही रीत आमच्या आजोबांच्या काळापासूनची. लव्हिनिया स्ट्राउड यांचा नवरा यादवी युद्धात उत्तरेकडून लढताना गेला. तेव्हापासून एकवीस वर्षं घराच्या पुढच्या खोलीत त्या टपाल सांभाळत होत्या. मूलबाळ नाही, शेत नाही; होती ती एवढी खिडकी. ती आता टॅकेटच्या मेव्हण्याला, समोरच्या दुकानदार डॉब्सला, हवी होती.

"नोकऱ्या परीक्षा घेऊन द्यायचा कायदा झालाय," मी चाचरत म्हणालो. "दोन वर्षं झाली. मुलांना शिकवतो मी तो."

"तो मोठ्या कचेऱ्यांसाठी, मास्तर. शेवटपर्यंत वाचला नाहीत वाटतं?"

नव्हता वाचला. निम्मा कायदा मी अख्ख्या अभिमानाने शिकवत होतो.

"आणि नोव्हेंबरात तुम्ही मतकागद कोणाच्या हातून घेतलात, तेही पाहिलंय मी," तो हसत म्हणाला. "शाळा समितीनंही पाहिलंय. जूनमध्ये तुमची नेमणूक पुढे चालू व्हायचीय ना?"

आता मतकागद सरकार छापतं आणि माणूस आडोशाला मत देतो. तेव्हा प्रत्येक पक्ष आपला कागद छापून दारात वाटायचा, आणि तो सगळ्यांदेखत पेटीत टाकायचा. घाबरायला एवढं पुरे होतं. निदान मला पुरलं.

मी लिहिलं. वळणदार, एकही खाडाखोड न करता. सही मात्र केली नाही, आणि त्याचंच मला समाधान वाटलं. त्या समाधानाची मला आजही चीड येते.

बाईंना काढा म्हणणारा तो अर्ज सह्यांसाठी दोन आठवडे डॉब्सच्या दुकानात उघडा पडला होता. लव्हिनियाबाई स्वतः जाऊन तो वाचून आल्या. दुसऱ्या दिवशी मी टपालानं येणारं माझं वर्तमानपत्र घ्यायला त्यांच्या खिडकीवर गेलो, तर मान वर न करता म्हणाल्या, "छान लिहिलंय, मास्तर."

"मी सही केली नाही, बाई."

"एकवीस वर्षं तुमची पाकिटं हाताळतेय. मला सही कशाला लागते?" त्यांनी वर्तमानपत्र सरकवलं. "एवढंच सांगा, प्रचार केला कधी मी? कुठल्या दिवशी?"

मी वर्तमानपत्राची घडी घालू लागलो.

"टॅकेटची आई अंथरुणावर होती, तेव्हा तिची पत्रं घरी जाऊन वाचून दाखवली. तोच असेल प्रचार."

खरं काय ते सांगणारं पत्र मी वॉशिंग्टनला तीनदा लिहिलं आणि तीनदा चुलीत घातलं.

मे महिन्यात हुकूम आला. त्यांच्याच पिशवीतून आला, त्यांनीच फोडला. शनिवारी टॅकेट चार माणसं घेऊन पत्रांच्या खणांचं कपाट न्यायला आला. बाईंनी त्यांना दारातच थांबवलं. एकेका घराची पत्रं काढून त्यांनी दोऱ्यानं बांधली, प्रत्येक जुडीवर नाव लिहिलं आणि मग बाजूला झाल्या.

"आम्हाला नसतं का जमलं ते?" टॅकेट म्हणाला.

"नसतं," बाई म्हणाल्या.

सोमवारी डॉब्सच्या दुकानात रांग होती. माझ्या पुढेच त्या उभ्या होत्या. त्यांचा नंबर आला.

"माझं काही आहे?"

डॉब्स समोर राहणारा. त्यांच्या हातून त्यानं एकवीस वर्षं टपाल घेतलेलं.

"नाव?" तो म्हणाला.

रांगेत कोणी हललं नाही. मीही नाही.

"लव्हिनिया स्ट्राउड," त्या म्हणाल्या. आवाज स्वच्छ होता, घाई नव्हती.

डॉब्सनं बराच वेळ खण चाळले. "काही नाही."

"आभारी आहे," म्हणून त्या गेल्या. मी खिडकीपुढे सरकलो. डॉब्सनं काही न विचारता माझं वर्तमानपत्र माझ्या हातात ठेवलं.