खिशाखालचं कापड

आत्याच्या घरात बाबांची एक खुर्ची ठरलेली आहे. ती भिंतीवरच्या फोटोकडे पाठ करून ठेवलेली असते. फोटोत आजी बसली आहे, तिच्या मांडीवर ठिपक्यांच्या फ्रॉकमधलं गुबगुबीत बाळ आहे. ते बाळ म्हणजे आत्या. बाबांचा आजीबरोबर एकही फोटो नाही आणि ते दोन वर्षांचेही नव्हते तेव्हा ती गेली. "मुलगी झाल्यावर आईची हौस फिटली असणार," असं ते हसत म्हणतात. सत्तरीतल्या माणसाचं ते हसू मला बघवत नाही.

आम्ही शिंपी. आजोबांचं दुकान बाबांनी चालवलं, आता मी चालवते. गेल्या रविवारी आत्यानं माळ्यावरून काढलेला जुन्या फोटोंचा डबा आम्ही तिघांनी उघडला. त्यात दुकानाच्या पायरीवर उभी असलेली पाच वर्षांची आत्या निघाली. दोन दात पडलेले, अंगात ठिपक्यांचा फ्रॉक, पोटावर पानाच्या आकाराचा खिसा.

"हा खिसा मीच हट्टानं लावून घेतला होता," आत्या म्हणाली. "त्यात चिंचोके ठेवायचे."

मी उठून भिंतीवरचा फोटो काढला. बाळाच्या पोटावर एक गडद डाग आहे. फोटोला ओल लागली, असं सगळे आजवर समजत होते. मी भिंग धरलं. डाग पानाच्या आकाराचा होता, कडेनं उसवलेल्या टाक्यांची भोकं होती. खिसा काढला की त्याखालचं कापड गडदच राहतं, बाकीचं उन्हानं विटतं. हे आमच्या दुकानात झाडू मारणाऱ्यालाही कळतं.

"आत्या, हा तुझाच फ्रॉक उसवून लहान केलाय. मग त्यात तू कशी असशील?"

आत्यानं दोन्ही फोटो शेजारी धरून पाहिले. मग तिनं बाबांच्या पाठीत धपाटा घातला. "साठ वर्षं मी याला मी समजून पुसतेय!"

बाबांनी लोकांच्या कपड्यांतला धागान्‌धागा पाहिला, पण रागापायी हा एक फोटो कधी पाहिला नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय. त्यांनी भिंग घेतलं. स्वतःकडे त्यांनी बघितलंच नाही. ते आजीचा हात बघत होते, बाळाच्या पोटाभोवती घट्ट धरलेला.

"घेऊन जा," आत्या म्हणाली. "मला आई आठवते. तुला नाही ना आठवत."

बाबा उठले आणि फोटो परत खिळ्याला लावला.

"इथंच राहू दे, ताई. मी येत जाईन."

मग त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली.