न खोललेलं इंजिन

चिखल्याला काशीनाथ राऊतांच्या घरी येणाऱ्या माणसाला आधी पाणी मिळायचं, मग इंजिन, आणि चहा त्यानंतर.

"नऊशे अठ्ठ्याण्णव सीसी, तीन सिलेंडर, बारा व्हॉल्व्ह," असं ते सुरू करायचे. पाहुणा चिकूच्या फोडीकडे हात नेईपर्यंत ते "सदुसष्ट हॉर्सपॉवर, सहा हजार आरपीएमला" इथवर पोचलेले असायचे. "नव्वद न्यूटन मीटर टॉर्क, साडेतीन हजाराला" हे वाक्य मात्र ते आरतीला राहतात तसे उभे राहून म्हणत. काही पाहुणेही भिडेखातर उभे राहत. मागच्या वाडीत चिकूची झाडं किती, असं कुणी विचारलं तर ते बायकोकडे बघत.

नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. जन्मभर त्यांनी गाड्या थांबवल्या आणि निवृत्तीनंतर तेच काम घरच्या गाडीवर चालू ठेवलं. अकरा वर्षांत तिने साठचा वेग पाहिला नव्हता. आरपीएमचा काटा दोन हजाराच्या वर जाऊ लागला की काशीनाथरावांच्या पायाला आपोआप ब्रेक सापडायचा. नव्या गाडीचं इंजिन पहिले हजार किलोमीटर जपून चालवावं, असं सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं. "हजार हे घाईच्या लोकांसाठी लिहिलेलं असतं," काशीनाथराव म्हणत.

या सगळ्याचं फळ म्हणून त्यांच्याजवळ एक वाक्य होतं आणि त्यावर ते जगत होते: "इंजिन अजून खोललेलं नाही." पटत नसेल तर ते बॉनेट उघडून टॉर्च मारत आणि इंजिनाच्या झाकणाच्या, म्हणजे हेडच्या, बोल्टांवर फॅक्टरीत लावलेले पिवळे ठिपके दाखवत. "पाना लागला असता तर रंग उडाला असता. बघा, आहे?" रंग असायचा. पाहुण्याला मान हलवावी लागायची.

त्यांची बायको यमुना कोसबाडच्या शाळेत शिकवायची. शाळा टेकडीवर, बस आपल्या मर्जीची, आणि शेअर रिक्षा चौदावा माणूस बसल्याशिवाय हलत नसे. यमुनाने दोन वर्षांपूर्वी लायसन्स काढलं होतं आणि ते पर्समध्ये रेशनकार्डाच्या झेरॉक्सशेजारी नुसतं पडून होतं. किल्ली मागितली की काशीनाथराव गंभीर होत. "कोसबाडच्या चढाला टॉर्क कमी पडतो, यमुना. तुझ्यामुळे अडवत नाही मी, इंजिनासाठी म्हणतोय."

गेल्या दिवाळीत शेजाऱ्यांकडे वापीहून एक शेठ आले होते. पाणी झालं, इंजिन झालं, आणि शेठ हसत म्हणाले, "अरे काका, ग्यारा साल में तो सबका इंजिन खुलता है."

काशीनाथरावांना हे लागलं. आणि वजनदार गोष्ट हिंदीतच बोलायची, ही त्यांची रेल्वेतली सवय. ते उभे राहिले. "जिस दिन ये इंजिन खुलेगा ना, उस दिन गाडी हमारे मंडळी की! चाबी उसके हाथ में!"

मंडळी आत चकल्या तळत होती. झारा क्षणभर हवेत थांबला, एवढंच.

*

तलासरीला यमुनाच्या शाळेतल्या निलमच्या नव्या घराची वास्तुशांत होती. रविवारी सकाळी दोघं निघाली. मांडीवर भेटीचं भिंतीवरचं घड्याळ घेऊन यमुना बसली, आणि कोसबाडची टेकडी टाळून डहाणू-आशागडचा वळसा घेत गाडी हायवेला लागली. दापचरी सोडलं आणि गाडीने पहिला झटका दिला.

"अहो, गाडीला उचकी लागली."

"उचकी नाही. रस्ता तसा आहे."

"रस्ता नवा आहे."

"तेच म्हणतोय. तिला नव्या रस्त्याची सवय नाही."

मग झटक्यांनी आपसात ठरवून रांग लावली. चौथा गिअर, वेग पस्तीस, आणि घड्याळ यमुनाच्या मांडीवर उड्या मारू लागलं. मागून गवताच्या पेंढ्यांनी लादलेला एक ट्रॅक्टर आला. त्याने हॉर्न दिला, ओव्हरटेक केलं, आणि पुढे गेल्यावर ड्रायव्हरने वळून त्यांच्याकडे जी नजर टाकली तिला दया हाच शब्द आहे.

तलासरीत हायवेला लागून भावेशचं गॅरेज होतं. भावेश हा कोणतीही गाडी आत यायच्या आधीच तिचं निदान करणारा माणूस. त्याने प्लग काढले. तिन्ही काळेकुट्ट.

"काका, यात चूल पेटवता काय?"

"पेट्रोल टाकतो. गुजरातचं टाकतो."

"कार्बन! आखो कार्बन, सगळा!" भावेशने प्लग घासले, परत लावले, गाडी सुरू केली. उचकी तशीच. त्याने समाधानाने हात पुसले. "हेड खोलावं लागणार. खोल्या वगर नहीं चाले."

काशीनाथराव शेजारच्या जुन्या टायरवर बसले. त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे... ते पिवळे ठिपके?"

"कसले ठिपके?"

हा प्रश्न इतका निर्दय होता की काशीनाथरावांनी नुसतं बॉनेटकडे बोट दाखवलं.

यमुना घड्याळ कडेवर घेऊन उभी होती. ती म्हणाली, "भावेश, हा काटा साडेतीन हजारावर कधी जातो?"

"ॲक्सिलेटर दाबला की, काकी."

"अकरा वर्षांत गेला नाही बघ. हे रोज सांगतात, नव्वदचा टॉर्क साडेतीन हजाराला. दूधवाल्याला सांगतात, गॅसवाल्याला सांगतात. गॅसवाल्याने तर तीन सिलेंडर ऐकून बुकिंग नंबर मागितला. पण त्या साडेतीन हजाराच्या घरी आम्ही कधी गेलोच नाही."

भावेशने मान तिरकी केली. जेवायची वेळ झाली होती आणि हेड खोललं की ते त्यालाच उचलावं लागणार होतं. "पळवून बघायची? जरा ताणून? कधी कधी कार्बन जळून जातो. नाय जमलं तर खोलतोच."

"काका, चला," भावेश म्हणाला.

काशीनाथरावांनी किल्ली घेतली, गाडीकडे पाहिलं आणि परत टायरवर बसले. "माझ्याच्याने होणार नाही. मी तिला कधी ओरडून बोललेलो नाही."

यमुनाने घड्याळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि हातातली किल्ली काढून घेतली.

"फक्त ट्रायलपुरती," काशीनाथराव म्हणाले.

"हो, हो. ट्रायलपुरतीच."

भावेश तिच्या शेजारी बसला आणि गाडी उचक्या देत हायवेला लागली, आच्छाडच्या बाजूला. काशीनाथरावांनी तिकडे पाठ केली. थोड्या वेळाने लांबून एका गाडीचा चढत जाणारा आवाज आला. भरल्या गळ्याचा, बेशरम. 'कुणाची पोरं गाड्या अशा फाडतात देव जाणे,' असं त्यांच्या मनात आलं. आपल्याच गाडीचा आवाज त्यांनी आधी कधी ऐकलेला नव्हता, त्यामुळे ओळखायचा प्रश्न नव्हता.

फोन वाजला. भावेश. मागे वारा घोंघावत होता.

"काका! इंजिन खुल गया! एकदम खुल गया!"

"कुठे?"

"आच्छाडच्या अलीकडे!"

"रस्त्यावर?"

"मग काय! रस्त्यावरच! काकीनेच खोललं!"

फोन कट झाला.

काशीनाथरावांच्या डोळ्यांपुढे हायवे उभा राहिला. तिसऱ्या लेनमध्ये तीन सिलेंडर, डिव्हायडरवर बारा व्हॉल्व्ह, कंटेनर बाजूने जातायत, आणि मध्ये वास्तुशांतीच्या साडीत यमुना, हातात पाना.

गॅरेजशेजारी हिरू नावाच्या बाईची चहाची टपरी होती. हिरूने पाण्याचा ग्लास आणून दिला. "काका, काय झालं?"

"खुललं," काशीनाथराव म्हणाले.

"कोणतं? रविवारचं तर इथं सगळं बंद असते."

"नऊशे अठ्ठ्याण्णव सीसी होती," काशीनाथराव कुणाला तरी सांगावं तसे म्हणाले. "बारा व्हॉल्व्ह होते. सदुसष्टची ताकद होती." टॉर्कपाशी आल्यावर ते सवयीने उठले, पण अर्धेच. घड्याळ सांभाळत पुन्हा बसले.

हिरूने दोन पावलं मागे जाऊन विचारलं, "कोण, घरचंच होतं का?"

तेवढ्यात तीच गाडी गॅरेजसमोर येऊन उभी राहिली. वळून, जोरात, धूळ उडवत, अखंड. यमुनाचा अंबाडा सुटला होता. भावेशने दोन्ही हातांनी छताचं हँडल धरलं होतं ते सोडायला त्याला वेळ लागला.

काशीनाथराव बॉनेटवर तुटून पडले. बोटं भाजली, पण त्यांनी मोबाइलचा टॉर्च आत खुपसला. एक ठिपका. दुसरा. सगळे, जागच्या जागी, पिवळेधमक.

"ठिपके आहेत!" ते ओरडले. "हिरू, ठिपके आहेत!"

"बरं झालं," हिरू म्हणाली, कशाचं ते न समजता.

इंजिन शिलाईच्या मशीनसारखं चालू होतं. उचकीचा मागमूस नव्हता. काशीनाथराव डोळे पुसत उजव्या दाराशी गेले. यमुना उतरली नाही.

"तिकडून बसा," ती म्हणाली. "जेवणाच्या पंगती उठतील."

"यमुना, ट्रायल संपली."

"दिवाळीत शेठना काय म्हणाला होतात?"

काशीनाथराव सिग्नल खात्यातले. शब्द म्हणजे त्यांना लाल-हिरव्यासारखा स्पष्ट लागतो. "इंजिन खोलावं लागलं तर, असं म्हणालो होतो."

"'खुलेगा' म्हणाला होतात. उभं राहून. भावेश, काय झालं रे इंजिनाला?"

"खुल गया, काकी," भावेश निरागसपणे म्हणाला.

"अगं, खुलणं वेगळं आणि खोलणं वेगळं!"

"मराठीत वेगळं. शब्द तुम्ही हिंदीत दिलात."

काशीनाथरावांनी साक्षीदारासाठी इकडेतिकडे पाहिलं. हिरू चहा गाळत होती. भावेशला भांडणात रस नव्हता, पण काम अर्धवट सोडलेलं त्याला आवडत नसे. त्याने भिंतीवरचा मोठा पाना काढला. "काका, नसेल खुललं असं वाटत, तर खोलतो की मी. टाइम नाय लागणार."

तो पाना, ते पिवळे ठिपके आणि बायकोच्या हातातलं स्टिअरिंग, या तिघांकडे काशीनाथरावांनी आळीपाळीने पाहिलं.

"खुललं! खुललं म्हणतोय ना मी!" ते म्हणाले, आणि घड्याळ उचलून गाडीला पुढून वळसा घालून डाव्या दाराशी गेले.

*

निलमकडे जेवण झालं, घड्याळ दिलं गेलं. परत येताना यमुनाने आशागडचा वळसा घेतला नाही. न विचारता ती कोसबाडच्या वाटेला लागली. टेकडीचा चढ सुरू झाला तसे काशीनाथरावांनी डोळे मिटले आणि छताचं हँडल पकडलं. दुसरा गिअर पडला. इंजिनाचा आवाज चढत गेला, आणि पाठ कुणीतरी सीटला दाबून धरावी तशी दाबली गेली.

"अहो, डोळे उघडा. शाळा आली."

त्यांनी एक डोळा उघडला. "काटा किती होता?"

"साडेतीन."

काशीनाथरावांनी दुसराही डोळा उघडला. उभं राहायची सोय नव्हती, म्हणून ते सीटवरच ताठ झाले. बेल्ट छातीला करकचला.

"नव्वद न्यूटन मीटर," ते म्हणाले.