आतल्या टायरचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना लाकडी दांडा आहे. पूर्वी मी कुदळीचा होतो. ती मोडली आणि मी उरलो. एका ट्रक ड्रायव्हरने मला हातभर कापले, काचेने घासून गुळगुळीत केले आणि आपल्या सीटमागे ठेवले. गाडी निघण्याआधी प्रत्येक टायरवर आपटायचे, एवढेच माझे काम. हवा भरलेला टायर मला टणकन उडवून लावतो. बसलेला नुसता 'भद्द' करतो. मागच्या चाकांना टायरच्या जोड्या असतात. आतला बसला तरी बाहेरचा भार ओढतो आणि बघणाऱ्याला सगळे ठीकठाक दिसते. तिथे माझ्यावाचून पान हलत नाही, असा मला तोरा होता.

तो तोरा एका सकाळी उतरला. ड्रायव्हर आणि त्याचा मेहुणा एकाच मालकाकडे कामाला होते. मेहुण्याची गाडी निघताना मी आतल्या टायरवर भद्द वाजलो. मालक म्हणाला, "चालतंय, येताना बघू." मेहुणा परत आला नाही.

माझा ड्रायव्हर रडला नाही की भांडला नाही. त्याने नोकरी सोडली आणि घरी बसला. ताट समोर आले की जेवायचा, हाक मारली की उठायचा. मी दारामागे धूळ खात पडलो.

बायकोने बरेच महिने कळ काढली. मग म्हणाली, "अहो, ती नवी कंपनी चांगली आहे म्हणतात. आता फार चिकित्सा करू नका."

"बरं," तो म्हणाला. निघताना सवयीने त्याचा हात माझ्याकडे गेला.

कंपनी खरोखर झकास होती. आवार लख्ख, केबिन गारेगार आणि सुपरवायझरच्या तोंडात साखर. त्याने चहा पाजला, किल्ली हातात ठेवली. "आजच एक फेरी मारा, मग ठरवा."

ड्रायव्हर गाडीभोवती फिरला. मी टणटण उडत होतो. चला, गंगेत घोडे न्हाले, असे मला वाटले. तेवढ्यात मागच्या जोडीतल्या आतल्या टायरवर मी पडलो, तो तिथेच राहिलो.

"आतला बसलाय," तो म्हणाला.

"चालतंय हो. येताना बघू." सुपरवायझर हसला.

ड्रायव्हरच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्याने किल्ली परत केली.

"एका टायरपायी नोकरी सोडता?"

"हो."

घरी बायको दारातच होती. "इतक्यात आलात?"

"आतला टायर बसला होता. येताना बघू म्हणाले."

 गेलेला मेहुणा तिचा पाठचा भाऊ होता. तिने मला फडक्याने पुसले आणि दारामागे न टाकता त्याच्या चपलांजवळ ठेवले. "उद्या दुसरीकडे बघा," ती म्हणाली. "आणि याला न्या बरोबर."

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला रडू येत नाही. त्यालाही अजून येत नाही. माझे एवढेच मागणे आहे. गाडी असो की मालक, चढण्याआधी आतल्या बाजूला एकदा ठोकून बघा. भद्द वाजले, तर 'येताना बघू' म्हणू नका. सगळेच येत नाहीत.