हवा अडते

कूलर दारातून आत जाईना. संघदीपने तो आधी सरळ ढकलून पाहिला, मग तिरपा, मग दाराची एक फळी काढून. शेवटी डोंगरसिंगने टेम्पोत बसल्या बसल्या सांगितलं, की हा लग्नाचा कूलर आहे, घरात शिरण्यासाठी तो बनलेलाच नाही, मांडवाच्या कडेला उभं राहून वऱ्हाड्यांच्या तोंडावर पाणी उडवणं एवढंच त्याचं काम.

डोंगरसिंगचा राळेगावला मंडप-डेकोरेशनचा धंदा होता. लग्नसराईत त्याच्याकडचा कूलर मिळायला ओळख लागायची. त्यामुळे त्याने साहजिकच विचारलं,

"लगन कोणाचं हाय?"

"लगन नाई. कापसाले पाह्यजे," संघदीप म्हणाला.

डोंगरसिंगने आजवर नवरदेवांना, पुढाऱ्यांना, एकदा तर शंकरपटात पहिल्या आलेल्या बैलजोडीलाही कूलर पुरवला होता. त्याने संघदीपकडे बघितलं, उघड्या दारातून दिसणाऱ्या पांढऱ्या ढिगाकडे बघितलं, आणि एवढंच विचारलं,

"पाव्हणे किती?"

"वीस-बावीस क्विंटल."

"मंग मोठाच लागन," असं म्हणून तो खाली उतरला आणि हात लावायला आला.

समोरची खोली दिवाळीपासून कापसाकडे होती. भाव चढेल म्हणून ठेवलेला कापूस आधी गुडघ्याएवढा होता, मग वेचणी संपेपर्यंत छातीला लागला. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो दोनदा वर सरकवावा लागला. आता ते छताजवळून खाली बघत होते. पाहुणे आले तर कापसावरच बसत आणि अंगाला खाज सुटली की आपणहून उठत. मुलीला अंगभर पुरळ उठला तेव्हा संघदीपच्या बायकोने, दीपमालाने तिला सुट्टीभर आर्णीला मामाकडे पाठवून दिलं. गावात यात वेगळं कोणालाच काही वाटत नव्हतं. निम्मं गाव त्या उन्हाळ्यात रजईच्या आत राहत होतं.

एप्रिल संपता संपता पेपरात दोन अंदाज आले. एक हवामान खात्याचा होता: यंदाची उष्णतेची लाट लांबणार, पारा मागच्या नोंदी मोडणार. सोबत कोणत्या वर्षी किती तापमान गेलं होतं त्याचा तक्ता होता आणि तक्त्याशेजारी डोक्याला रुमाल बांधलेल्या बाईचं चित्र. दुसरा अंदाज व्यापाऱ्यांचा होता: मे अखेर कापूस उसळणार. संघदीपने दोन्ही वाचले आणि दोन्ही खरे धरले. इथेच त्याचा घोळ झाला. भाव चढेपर्यंत थांबायचं, तर तोवर या कोरड्या उन्हात कापूस रोज वाळणार, रोज हलका होणार. भाव येईल त्या दिवशी काट्यावर ठेवायला अर्धा ढीग हवेत उडून गेलेला असणार. त्याला रात्री झोपेत कापूस खिडकीतून निघून जाताना दिसायचा.

त्यावर त्याने काढलेला उपाय म्हणजे हा कूलर. दमट हवा लागली की कापूस वाळत नाही. फार ओला झाला तर व्यापारी नाक मुरडतो, म्हणून थेट पाणी मारायचं नाही, नुसती हवा द्यायची. दीपमालाचं म्हणणं पडलं की त्यापेक्षा विकून टाकू, घर मोकळं होईल. संघदीपने तिला तो तक्ता दाखवला. तिने तो बघितला आणि हंडा घेऊन हापशीवर गेली.

छपरीत बाजेवर संघदीपचा बाप मारोती बसला होता. कापसाने खोली घेतल्यापासून त्याची बाज बाहेर टिनाखाली होती. घरात कूलर येतोय एवढंच त्याच्या कानावर आलं होतं. त्याने सकाळीच अंघोळ करून धुतलेली बंडी घातली होती, आणि हवा अंगाला बाधू नये म्हणून दुपट्टा खांद्यावर तयार ठेवला होता. कूलर छपरीत आला तसा तो उठला, बाजेचं एक टोक उचललं आणि ती कूलरच्या समोर येईल अशी फिरवली.

डोंगरसिंग आणि संघदीपने कूलरचं तोंड खिडकीला लावलं. खिडकी कापसाच्या खोलीची होती. बटण दाबल्यावर टेम्पो सुरू झाल्यासारखा आवाज झाला आणि ढिगावरचे चार बोंड-पुंजके उडाले.

मारोतीने बाज पुन्हा पहिल्यासारखी केली. खांद्यावरचा दुपट्टा घडी करून उशाशी ठेवला.

"बाबा, तुमच्यासाठी पंखा आणतो बाजारातून," संघदीप म्हणाला.

"मले कायले पाह्यजे? मले कूलरची हवा सोसत नाई," मारोती म्हणाला. त्या घरात त्याआधी कधी कूलर नव्हता.

ऊन ही मारोतीची खासगी मालमत्ता होती. बहात्तरच्या दुष्काळात तो रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडायला गेला होता, आणि त्यानंतरचा प्रत्येक उन्हाळा त्याने त्या उन्हाळ्यापुढे उभा करून पाडला होता. गावातली पोरं मोबाईलवर अंदाज आला की मुद्दाम छपरीत येत. उद्या सेहेचाळीस सांगितलं हाय, आबाजी. मारोती हसायचा. बहात्तरात एवढं सावलीत होतं. हातोड्याचा दांडा फडक्याशिवाय धरता येत नव्हता. विहिरीच्या काठावर कावळे चोच उघडी ठेवून बसत आणि तशीच उघडी ठेवून मरत. एका पोराने विचारलं, तवा मोजलं कोणं?

"मोजाले कोण बसलंतं? आमी गिट्टी फोडून राह्यलोतो."

पोरं यावर खूश होऊन पानठेल्यावर जात. तिथे रोजचा निकाल जाहीर व्हायचा: खात्याचा पारा इतका, मारोती अजून पुढे. पेपरातला तक्ता मागच्या वीस वर्षांचाच होता, त्यामुळे त्याला हरवणारं कोणी नव्हतं. संघदीपलाही ते बरं पडायचं. ज्याला ऊन लागतच नाही, त्याच्याकडे कूलरची पाठ असली तर वाईट काय वाटून घ्यायचं?

कूलर मात्र पाणी फार प्यायचा. दीपमाला सकाळ-दुपार हापशीवरून हंडे आणून टाकीत ओतायची. तो कापूस वावरात असताना कोरडवाहू होता. त्याच्या मुळाला विहिरीचा एक थेंब कधी मिळाला नव्हता. आता घरात आल्यावर त्याचं ओलीत सुरू झालं होतं. हापशीवरच्या बाया तिला विचारत, काय वं, किती पाण्यावर आला तुमचा कापूस? ती हसायची नाही. घरी येऊन उरलेल्या तांब्याभर पाण्यात सासऱ्याचा दुपट्टा भिजवून द्यायची. तो वाळायला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागत नसे.

पुढून गार हवा सोडायची तर कूलरला मागून गरम हवा ओढावी लागते. मारोतीची बाज मागे होती. अंगणातली सगळी झळ त्याच्या अंगावरून जाऊन कूलरमध्ये शिरायची आणि पलीकडे कापसाला गार होऊन लागायची. एका दुपारी संघदीप ढिगात हात घालून कापूस चाचपत होता. मुठीत दाबला की चुरचुरत नव्हता, हाताला नरम लागत होता. तो मनातून खूश झाला आणि तेवढ्यात हवा कमी झाली. मोटर तर चालू होती. तो बाहेर आला.

मारोतीने बाज सरकवून कूलरला लावली होती. उघडी पाठ मागच्या ओल्या ताटीला टेकवून तो डोळे मिटून बसला होता. ताटीतल्या गवतातून पाणी त्याच्या पाठीवरून ओघळत होतं, धोतराचा काठ भिजला होता. तोंडावर असं काही होतं की संघदीप दारातच थांबला.

मग म्हणाला, "बाबा, टेकू नका. हवा अडते."

मारोतीने डोळे उघडले. पाठ सोडवली आणि बाज वीतभर पुढे घेतली. पाठीवर ताटीतलं थोडं गवत चिकटलं होतं. ते संघदीपने आत जाता जाता झटकलं.

लाट हटली नाही. अंदाज रोज पुढे ढकलला जात होता आणि रोज खरा ठरत होता. व्यापाऱ्यांचा अंदाजही रोज पुढे ढकलला जात होता. तो मात्र तेवढंच करत होता. तालुक्याहून दवंडी आली की अकरा ते चार कोणी बाहेर पडू नये, दुकानं बंद ठेवावीत. टिनाखाली बसणं बाहेर धरायचं की आत, हे दवंडीत नव्हतं.

एका दुपारी दीपमाला टाकी भरत होती. मारोतीने तिला हाक मारली नाही, फक्त तिच्याकडे बघत राहिला. तिने हंडा खाली ठेवला.

"काय झालं, मामाजी?"

"यंदा जास्त हाय वाटते," तो हळू आवाजात म्हणाला.

"काय जास्त?"

"बहात्तरापेक्षा."

ते सांगताना तो उघडा पडल्यासारखा दिसला. मग लगेच म्हणाला, की पोरांना सांगू नको.

तिने पोरांना सांगितलं नाही. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, आणि बाबांना आत घ्या, नाहीतर कूलर त्यांच्याकडे फिरवा, असंही सांगितलं. संघदीप ताटावरून वर बघून हसला. बाबा हारले, म्हणाला. कूलर फिरवायचं परवावर गेलं, कारण परवा व्यापारी येऊन कापूस बघणार होता. बाबांची हार मात्र त्याच रात्री पानठेल्यावर पोचली. तिथे कोणीतरी शिटी वाजवली. पोरांनी ठरवलं, की खात्याने नोंद मोडली म्हणेपर्यंत थांबायचं नाही. खरी नोंद आज मोडली. दुसऱ्या दिवशी एक हार आणायचा आणि आबाजीच्या गळ्यात घालायचा, असंही ठरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी संघदीप खोलीत ढिगाची वरची बाजू सपाट करत होता. व्यापाऱ्याला ढीग नीट दिसावा, म्हणून. हवा पुन्हा कमी झाली. त्याने वाट बघितली. एकदा खिडकीतून हाक दिली. मग कपाळावरचा घाम पुसत बाहेर आला.

मारोती ताटीला पाठ लावून बसला होता. मान एका बाजूला कलली होती. शेजारी हंडा होता. दीपमालाने मघाशी टाकी भरताना, झोपला आहे तर उठवू नये म्हणून पाणी बेताने, आवाज न करता ओतलं होतं. ते पाणी ताटीतून उतरून त्याच्या पाठीवरून अजून ओघळत होतं.

"बाबा, टेकू नका म्हनलं ना," संघदीप म्हणाला.

तो दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा त्याने बापाच्या खांद्याला हात लावला आणि तो हात तसाच राहिला.

लोक जमले. पोरं हार घेऊन आली होती. तो उपयोगी पडला. डोंगरसिंग कोणी न सांगता मांडवाचं कापड घेऊन आला आणि त्याने अंगणात सावली केली. त्याच्याकडे उरलेलं कापड लाल-पिवळं, झालरीचं होतं. त्या झालरीखाली शकुबाईने मारोतीला अंघोळ घातली. गावात कोणाचं माणूस गेलं की हे काम तीच करायची. नवी बंडी चढवून झाल्यावर तिने हात पुढे केला आणि नाका-कानात घालायला कापूस मागितला.

सगळ्यांनी घराकडे बघितलं.

"तो नाई चालत. त्याच्यात सरकी हाय," शकुबाई म्हणाली. "दवाखान्याचा पाह्यजे, साफ."

एका पोराला मोटरसायकलवर राळेगावला पाठवलं. तिथून त्याचा फोन आला की दुकानं चारनंतर उघडतील, ऊन फार आहे. चारपर्यंत थांबणं त्या उन्हात शक्य नव्हतं. शकुबाई म्हणाली, मग घरातलाच थोडा आण, सरकी काढून. चार बोंडांचा पुरे.

संघदीप आत गेला. कूलर चालूच होता. बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मागे कोणी टेकलेलं नसल्यामुळे हवा पूर्ण येत होती. ढिगाच्या वर धूळ बसली होती, म्हणून आतला स्वच्छ कापूस काढायला त्याने हात खोल घातला, कोपरापर्यंत.

आत गार होतं.

तो हात बाहेर काढेना. त्याने दुसराही हात घातला. बाहेर बाया रडत होत्या, डोंगरसिंग दोर आवळत होता, आणि झालरीखालून शकुबाईने पुन्हा विचारलं,

"काय रे संघदीप, कापूस भेटला का नाई?"