पुढच्याला कान लागतात

"मी इथून हलणार नाही. तुम्हाला काय करायचं ते करा," दातांचा डॉक्टर म्हणाला आणि खडकाला पाठ टेकवून त्याने खरोखरच डोळे मिटून घेतले.

वाट तिथे जेमतेम दीड पाऊल रुंद होती. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खाली समुद्र, आणि समुद्राला भरती लागलेली. डॉक्टरच्या मागे एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे गार्डबाई. हे नाव तिला फार वर्षांपूर्वी पायी सहलीला आलेल्या कुठल्याशा तुकडीने ठेवलं. वाट दाखवायला नवरा सगळ्यांच्या पुढे सुसाट चालायचा म्हणून तो इंजिन, आणि ही सगळ्यांच्या मागे म्हणून गार्डबाई. तुकड्या आल्या-गेल्या, नावं मात्र चिकटली. आता ऑफिसातला साहेबसुद्धा फोनवर 'इंजिन आहे का?' असंच विचारायचा.

"डॉक्टर, डोळे उघडा. माझ्याकडे बघा."

"तुमच्याकडे बघितलं की खालचं पाणी दिसतं."

"मग फक्त माझ्या नाकाकडे बघा. तुम्ही नाही का रोज लोकांना सांगत, आ करा, काही दुखणार नाही? तसंच समजा."

"ते खोटं असतं हो बाई," डॉक्टर कळवळून म्हणाला.

गार्डबाईने गळ्यातली शिट्टी तोंडाला लावली आणि तीन आखूड शिट्ट्या मारल्या. तीन आखूड म्हणजे थांबा. एक लांब म्हणजे सगळे येताहेत, चालू द्या. नवरा-बायकोत दिवसभरात एवढंच काय ते बोलणं व्हायचं, कारण दोघांच्या मध्ये कायम दहा-अकरा माणसं असायची.

मधली माणसं थांबली, वळून बघू लागली. पण सर्वांत पुढे, इंजिनच्या पाठीवरची लाल पिशवी चालतच राहिली. गार्डबाईने पुन्हा शिट्टी मारली, जीव खाऊन मारली. लाल पिशवी वळणापलीकडे दिसेनाशी झाली. शेवटी इंजिनच्या मागे चालणारी मुलगी धावत गेली आणि तिने ती पिशवी धरून ओढली, तेव्हा कुठे इंजिन थांबलं.

मधल्या माणसांना कड्याला चिकटून उभं करत तो परत आला. पुढून त्याने डॉक्टरचा हात धरला, मागून गार्डबाईने कंबरेला आधार दिला, आणि डॉक्टर देवाचं नाव घेत एकेक पाऊल सरकू लागला. या सगळ्यात वेळ गेला तो गेलाच. कडा संपून वाट खालच्या खडकांवर उतरत होती तिथे एरवी कोरडं असायचं. आज गुडघ्याएवढ्या पाण्यातून सगळ्यांना जावं लागलं. एका बाईची चप्पल वाहून गेली, बाकी कुणाला काही झालं नाही. आणखी थोडा उशीर झाला असता तर मागेही जाता आलं नसतं आणि पुढेही, हे फक्त त्या दोघांनाच ठाऊक होतं.

"शिट्टी ऐकू नाही आली?" तिने त्याला बाजूला घेऊन विचारलं.

"वारा किती आहे बघतेस ना," तो म्हणाला. म्हणताना तो तिच्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे बघत होता.

गार्डबाईने कड्यावरच्या गवताकडे पाहिलं. एक पातं हलत नव्हतं.

*

ऑफिसच्या जाहिरातीत लिहिलेलं असायचं, 'चार दिवसांचा किनारा तीन दिवसांत!' लोक हे वाचूनच यायचे. कुणाला वजन कमी करायचं असायचं, कुणाला घटस्फोट विसरायचा असायचा, आणि सगळ्यांना घाई असायची. इंजिनला हे भारी आवडायचं. त्याची चाल म्हणजे त्याचा तोरा होता. गार्डबाईच्या वाट्याला त्या जलद सहलीतला सगळ्यात संथ माणूस यायचा. ज्याची टाच सोलली तो, ज्याला दम लागला तो, जो मध्येच एखाद्या दगडावर बसून 'तुम्ही व्हा पुढे' म्हणायचा तो. पुढे व्हायची तिला मुभा नव्हती. मागच्याने कुणाला ओलांडायचं नाही, हा त्या वाटेवरचा पहिला नियम.

एकदा, लग्नाला फार वर्षं झाली नव्हती तेव्हा, ती म्हणाली होती, "एक फेरी मी पुढे राहू का?"

तुकडीसमोरच तो हसला होता. "राहा की! मग पुढच्या वर्षी पोचू." सगळे हसले. तीही हसली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, पण विसरलीही नाही.

आणि आता ती निघालीच होती. शहरात धाकट्या बहिणीचं कपडे धुण्याचं दुकान होतं. काउंटरवर बसायला विश्वासाचं माणूस हवं होतं. दुकानाच्या वर एक खोली होती. तिला खिडकी होती आणि खिडकीतून रस्ता दिसायचा, समुद्र नाही. या फेरीच्या शेवटी, जिथे वाट डांबरी रस्त्याला मिळते तिथे, बहीण गाडी घेऊन येणार होती. सगळं ठरलं होतं. फक्त नवऱ्याला सांगायचं राहिलं होतं. बरोबर आहे, सांगायचं कधी? चालताना तो पुढे. मुक्कामाला पोचलं की माणसं, त्यांचे पाय, त्यांच्या तक्रारी. आणि फेरी संपली की तो ऑफिसच्या खोलीत आडवा होऊन घोरायला लागायचा. खोली ऑफिसची, भांडी ऑफिसची, अंगावरचं जाकीटही ऑफिसचंच. तिला कधीकधी वाटायचं, आपण या किनाऱ्यावर नोकरीला नाही, गहाण आहोत.

*

मुक्कामाच्या झोपडीत माणसं बूट काढून, पाय पसरून पडली होती. मागच्या पडवीत इंजिन कांदा चिरत बसला होता, तिच्याकडे पाठ करून. गार्डबाई दारात उभी राहिली. दुपारपासून एक शंका तिला खात होती आणि तिला तिचा निकाल लावायचा होता. काहीतरी बोलून बघायचं, एवढंच तिच्या मनात होतं. 'पाणी उकळलं' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"मी तुला सोडून चाललेय," ती म्हणाली.

हेच तोंडून जाईल असं तिलाही वाटलं नव्हतं. सुरी तशीच चालत राहिली. तो एका लयीत चिरत होता, घाई नाही, थांबणं नाही.

"दुकानात बसणार आहे मी. तिथे खुर्ची आहे," ती जरा मोठ्याने म्हणाली.

त्याने कांदा ताटलीत सारला, दुसरा घेतला. मग काहीतरी आठवून वळला, ती दिसताच दचकला आणि नेहमीच्या वरच्या पट्टीत म्हणाला, "अगं, कधी आलीस? मीठ कुठे ठेवलंयस?"

तिने बोटाने डबा दाखवला आणि बाहेर जाऊन दगडावर बसली. तिला रडू आलं. कशाचं ते तिला नीट सांगता आलं नसतं. इतक्या वर्षांनी तोंड उघडलं तर हे! त्याचा राग आला, आणि त्याच्या आत त्याची दयाही आली, आणि त्या दयेचाच तिला जास्त राग आला. तिला एकेक आठवू लागलं. हल्ली तो ठरावीक वळणांवर मागे बघायचा, तिला वाटायचं शिट्टी ऐकून बघतो. तो नुसता सवयीने बघत होता. मध्ये एकदा साहेबाचा फोन त्याने तिच्याकडे दिला होता, 'तूच बोल, माझे हात ओले आहेत' म्हणून. हात कोरडे होते.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी तुकडी झाडाखाली डबे उघडून बसली, तेव्हा इंजिन आपणहून तिच्याजवळ येऊन बसला. असं तो कधी करत नसे. बराच वेळ तो बुटाची नाडी सोडत आणि बांधत राहिला.

"कान गेले माझे," तो म्हणाला.

तो हळू बोलायचा प्रयत्न करत होता, पण आवाज किती लागतोय हे त्यालाच कळत नव्हतं. डॉक्टरने मान वर केली. गार्डबाईने ओठांवर बोट ठेवलं.

"डाव्यातून काहीच नाही. उजव्यातून कुणी किंचाळलं तर येतं. मशीन लावून पाहिलं, सांगितलं नाही तुला. लाटांच्या घोंघावण्याशिवाय काही येत नाही त्यात." त्याने नाडी घट्ट आवळली. "काल माणसं मेली असती माझ्यामुळे."

तिने आपल्या डब्याचं झाकण लावलं.

"मी विचार केलाय. पुढच्याला कान लागतात, मागच्याला डोळे. डोळे माझे शाबूत आहेत. पुढच्या फेरीपासून तू पुढे राहा, मी मागे येतो. ऑफिसला कळायला नको. कळलं तर खोली गेली समज. आणि दुसरं मला काय येतं? चालता येतं." मग तो म्हणाला, "तू कधीची म्हणत होतीस ना, पुढे राहते म्हणून."

म्हणजे त्याच्याही लक्षात होतं! एवढी वर्षं त्याला माहीत होतं, आणि आज, आज त्याने ते काढून तिच्या हातावर ठेवलं. कालपर्यंत यासाठी तिने काय दिलं नसतं. आता तिला खरं सांगायचं तर ते एखाद्या शब्दासारखं ओठांवरून कळणारं नव्हतं, ओरडून सांगावं लागलं असतं, आणि पाच पावलांवर अकरा माणसं कान टवकारून जेवत होती. 'मी चाललेय' हे बायकोने नवऱ्याला बोंबलून कसं सांगायचं? आणि सांगितलंच, तर त्याच्या पुढे कोण चालणार होतं? ही वाट आणि हे गुपित, दोन्ही माहीत असलेलं माणूस या किनाऱ्यावर एकच होतं.

"बरं," ती ओठ नीट हलवत म्हणाली.

त्याने तिच्या ओठांवरचा शब्द वाचला. हुश्श करून तो उठला आणि टाळ्या वाजवत ओरडला, "चला मंडळी, चला! जेवायला नाही आलात!"

*

डांबरी रस्त्याच्या कडेला बहीण गाडीला टेकून उभी होती. तुकडी फोटो काढण्यात, गळाभेटी घेण्यात गुंतली होती. दातांचा डॉक्टर जो भेटेल त्याला कड्याची गोष्ट सांगत होता, आणि तीत तो स्वतः बराच धीट होत चालला होता.

"ताई, बस गाडीत," बहीण म्हणाली. "सामान आण आणि बस. सांगितलंस ना त्यांना?"

"सांगितलं. त्याला ऐकू आलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याला ऐकूच येत नाही गं. कान गेलेत."

बहिणीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "मग? कान होते तेव्हा तरी तुझं कधी ऐकलं त्यांनी?"

गार्डबाईला हसू आलं. दोघी बहिणी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून हसल्या, आणि हसता हसता धाकटीचे डोळे भरून आले, कारण थोरलीने गाडीच्या दाराला हात लावला नव्हता.

"नवा माणूस मिळेपर्यंत थांबते," गार्डबाई म्हणाली.

"नवा माणूस कोण शोधणारे? तू?"

"बघते ना."

"ताई, खोली मी किती दिवस रिकामी ठेवू? खाली धोबी विचारतोय भाड्याने. त्याला मुलं आहेत."

गार्डबाईने वर आभाळाकडे बघितलं, मग बहिणीच्या पदरावरचा दोरा काढून टाकला. "देऊन टाक त्याला," ती म्हणाली. "मुलांना खिडकी बरी."

बहीण गाडीत बसली, दार आपटून बसली. गाडी गेली तरी गार्डबाई तिथेच उभी होती. मागून इंजिनचा मोठा आवाज आला, "काय म्हणत होती ती? कशाला आली होती?"

ती वळली. तो तिच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होता, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा.

"भेटायला," ती सावकाश म्हणाली.

"बरं केलं," तो म्हणाला. "तिला जेवायला तरी थांबवायचंस."

*

नवी तुकडी तरुण होती, पायांत नवे बूट आणि अंगात रग. पहिल्या कड्यावर गार्डबाई सगळ्यांच्या पुढे होती. तिच्यासमोर मोकळी वाट होती, दूरवर, कुणाचीही पाठ नसलेली. वाट चांगली होती. तिला वाटलं होतं तितका आनंद मात्र झाला नाही. कान सारखे मागेच लागलेले होते.

मागून एक लांब शिट्टी आली. सगळे येताहेत, चालू द्या.

तिने उत्तर द्यायला शिट्टी तोंडाला लावली, आणि तशीच खाली सोडली. ती थांबली, वळली आणि तिने हात वर केला. वळणावर शेवटचा माणूस जपून पाऊल टाकत होता, आणि त्याच्या मागे इंजिन, मान खाली घालून, त्या माणसाच्या पायांवर डोळे लावून चालत होता. मागच्याने असंच चालायचं असतं. तो वर बघत नव्हता.

"चला ना बाई," मागचा पोरगा म्हणाला. "जाहिरातीत जलद लिहिलंय."

"हो, निघते," गार्डबाई म्हणाली, आणि हात वर धरून तशीच उभी राहिली.