बडीशेप आणि शाई

सासूबाईंनी अळंबी नाकाशी धरली, नेहमीसारखी दोनदा हुंगली आणि चांगल्यांच्या टोपलीत टाकली. समोर बसलेल्या सुनेच्या हातातला चाकू थांबला. शाईसारखा उग्र भपकारा तिला इथपर्यंत आला होता.

रानातल्या या दोन अळंब्या म्हणजे सख्ख्या बहिणीच. दोघी पांढऱ्या, दोघी नखाने खरवडल्या की पिवळ्या पडतात. एकीला बडीशेपेचा वास, ती खायची. दुसरीला शाईचा, ती पोटात गेली की अख्खं घर ओकत बसतं. रंगाच्या नादी लागू नये, नाकाला विचारावं, हे सासूबाईंचं ठाम मत. आणि त्यांच्या नाकाचा घरात दरारा केवढा! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सुनेला निवडायला म्हणून कधी बसवलं नाही. तिने आपले बुडखे कापायचे.

तिला त्यांचं हिवाळ्यातलं आजारपण आठवलं, आणि त्यानंतर दोनदा करपलेलं दूध. दोन्ही वेळा सासूबाई चुलीपाशीच होत्या, बोलणी मात्र सुनेने खाल्ली होती. म्हणजे त्यांना वासच येत नव्हता. टोमणा मारायची संधी आयती चालून आली होती, पण त्यांचा चेहरा पाहून तिने टोमणा गिळला.

तिने ती अळंबी उचलली.

"आई, मला या दोघींतलं काही कळत नाही बघा. शिकवाल?"

सासूबाईंनी ती पुन्हा नाकाशी नेली. मग नजर वर करून त्या सुनेलाच निरखू लागल्या.

"कळतंय तुला," त्या हळूच म्हणाल्या. "मघापासून नाक मुरडून बसलीयेस."

सासूबाईंनी टोपली उपडी केली, सगळा ढीग तिच्यापुढे सारला आणि चाकू आपल्याकडे घेतला.

निवडणाऱ्याने आधी खायचं, बाकीच्यांनी मग, असा त्या घरचा शिरस्ता. जेवताना सासऱ्यांनी सवयीने पहिलं ताट बायकोपुढे ठेवलं. सासूबाईंनी ते सुनेकडे सरकवलं.

"आज हिने निवडलंय. मला वास येत नाही आता."

सासरे बघतच राहिले. नवऱ्याने पेला उचलला, न पिताच खाली ठेवला. सुनेने घास घेतला. अळंबी चांगलीच होती.

सासूबाई तिच्याकडे वाकल्या.

"चव राहू दे गं," त्या म्हणाल्या. "वास कसा येतोय, तेवढं सांग."